गोळी घेतली, आता फेणी घ्यावी का?

मार्च ते मे, काजूच्या भट्ट्या पेटलेल्या असतात त्या दिवसांत या सदराकडे एकाच विषयाची पत्रे जास्त येतात : गोळ्या चालू आहेत, हुर्राक (काजूच्या रसाची पहिल्या वाफेची दारू) चालेल का आणि किती तासांनी? सगळ्यांना पुरेल असे एका ओळीचे उत्तर देता येत नाही, कारण दारू औषधाला तीन ठिकाणी गाठते. पोटात ती गोळीच्या कवचावर काम करते. यकृतात औषधाचे विघटन करणाऱ्या एन्झाइमांशी तिची गाठ पडते. मेंदूत आणि रक्तवाहिन्यांत ती औषधाच्या जोडीने परिणाम करते. आपल्या गोळीचा धोका यांपैकी कुठे आहे हे आधी पाहायचे, तासांचा हिशेब नंतर. या अंकातली उत्तरे औषधनिर्माणशास्त्राचे अध्यापक आणि फिजिशियन यांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : एका पेल्यात पाणी आणि दुसऱ्यात काजूची फेणी घेऊन दोन्हींत पॅरासिटामॉल ६५० ची एकेक गोळी टाकली. पाण्यातली काही मिनिटांत फुटून खाली पीठ साचले. फेणीतली बराच वेळ तशीच होती. म्हणजे दारू घेतली की गोळी पोटात विरघळतच नाही का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : तुम्ही पाहिलेत ते बरोबर आहे, काढलेला निष्कर्ष मात्र पोटाला लागू होत नाही. साधी गोळी आधी फुटते आणि मग तिच्यातले औषध विरघळते. या दोन वेगळ्या क्रिया आहेत. फुटण्यासाठी गोळीत स्टार्च, क्रॉसकारमेलोज सोडियम किंवा सोडियम स्टार्च ग्लायकोलेट असा एखादा घटक घातलेला असतो. वजनात तो थोडाच असतो, पण पाणी शोषून फुगतो आणि गोळी आतून फोडतो. फेणीत साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असते. तिथे या घटकाला फुगायला पुरेसे मोकळे पाणी मिळत नाही, म्हणून गोळी तग धरते.

विरघळण्याचे गणित याच्या उलट आहे. १ ग्रॅम पॅरासिटामॉल विरघळायला साध्या पाण्याचे सुमारे ७० मिली लागतात, शुद्ध अल्कोहोलचे ७ मिली पुरतात. म्हणजे गोळी फुटायला दारूत वेळ लागतो, पण औषध दारूत जास्त सहज विरघळते.

पोटात यातले काहीच शुद्ध स्वरूपात घडत नाही. तिथे ३७ अंश तापमान असते, जठररस असतो, आधीचे जेवण असते आणि जठराची घुसळण सतत चालू असते. ६० मिली फेणी सोड्याबरोबर घेतली तर पोटात पोचेपर्यंतच तिची तीव्रता निम्म्याहून खाली येते आणि पुढे कमीच होत जाते. भारतीय औषधकोशाच्या चाचणीत कवच नसलेली गोळी ३७ अंशांच्या पाण्यात १५ मिनिटांत फुटावी लागते, पातळ फिल्मचे कवच असलेली ३० मिनिटांत. साध्या गोळीच्या बाबतीत दारूमुळे या वेळेत थोडा फरक पडला तरी औषध शेवटी रक्तात जातेच. पॅरासिटामॉलचा खरा प्रश्न यकृतात आहे, तो पुढे येतो. कवचाचा प्रश्न वेगळ्या गोळ्यांचा आहे, त्याचे पत्र फोंड्याहून आले आहे.

प्रश्न : माझ्या गोळ्यांच्या नावापुढे कुठे ‘एसआर’, कुठे ‘एक्सएल’, तर ॲस्पिरिनवर ‘गॅस्ट्रो-रेझिस्टंट’ असे छापलेले आहे. फार्मसीवाल्याने सांगितले, या गोळ्या चावू नका, तोडू नका. मग त्यांच्यावर दारू घेतली तर काय होते?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : या महिन्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. फार्मसीवाल्याने सांगितलेले काटेकोर पाळा, कारण दारू हे कवच दातांशिवाय तोडू शकते.

एसआर, एक्सआर, ईआर, सीआर, पीआर, एक्सएल ही अक्षरे ज्या गोळीवर असतात तिच्यात बारा किंवा चोवीस तासांचे औषध एकदम भरलेले असते. ‘ओडी’ छापलेल्या गोळ्याही बहुधा याच जातीच्या. ते औषध हळूहळू सुटावे म्हणून गोळीभोवती कवच असते किंवा गोळीच जाळीसारखी बांधलेली असते. त्यासाठी वापरलेले काही पदार्थ, उदाहरणार्थ इथाइलसेल्युलोज आणि काही मेथाक्रिलेट पॉलिमर, पाण्यात विरघळत नाहीत पण अल्कोहोलमध्ये विरघळतात. सुतार लाखेच्या पापड्या स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश करतो, त्यातलाच हा प्रकार. ती लाख, म्हणजे शेलॅक, गोळ्यांच्या कवचासाठीही वापरली जाते.

कवच सैल झाले की दिवसभराचे औषध तासाभरात बाहेर पडते. हे किती गंभीर असू शकते ते २००५ साली अमेरिकेत दिसले. हायड्रोमॉर्फोन या अफूवर्गीय वेदनाशामकाची ‘पॅलाडोन’ नावाची चोवीस तास चालणारी कॅप्सूल तेव्हा नुकतीच बाजारात आली होती. निरोगी स्वयंसेवकांना ती ४० टक्के अल्कोहोलच्या २४० मिली पेयाबरोबर दिली, तेव्हा रक्तातली औषधाची सर्वोच्च पातळी पाण्याबरोबर घेतल्याच्या तुलनेत सरासरी सहापट झाली, एका व्यक्तीत तर सोळापट. अफूवर्गीय औषधाची एवढी मात्रा श्वास थांबवू शकते. जुलै २००५ मध्ये विक्री थांबवण्यात आली. तेव्हापासून अमेरिकेचे औषध नियामक अशा गोळ्या बाजारात येण्याआधी ५, २० आणि ४० टक्के अल्कोहोल मिसळलेल्या आम्लात दोन तास तपासायला सांगतात.

सगळ्या ‘एसआर’ गोळ्या अशा नसतात. आपल्याकडच्या पुष्कळ मेटफॉर्मिन एसआर गोळ्यांत हायप्रोमेलोज असते. ते पाण्याने फुगून जेल होते आणि दारूतही बहुतेक वेळा टिकते. (औषध सुटल्यावर हे मऊ जेल कधी कधी शौचातून गोळीच्या आकारात बाहेर पडते. गोळी लागू पडली नाही असे समजून दुसरी घेऊ नका.) अडचण अशी की कवच कशाचे आहे ते पट्टीवर लिहिलेले नसते, आणि तेच औषध दुसऱ्या कंपनीचे घेतले तर कवच बदलते. त्यामुळे ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, मॉर्फीन यांच्या एसआर गोळ्या चालू असतील तर दारू पूर्ण बंद ठेवायची. इथे तासांचा हिशेब नाही. रक्तदाब, हृदय आणि मेंदूच्या विकारांवरच्या एसआर गोळ्या ज्या वेळी घेता, त्याच्या आगेमागे चार-पाच तास दारू पोटात नसावी. सकाळी न्याहारीबरोबर गोळी घेण्याची सवय असेल तर बरेच काम त्यानेच होते.

‘गॅस्ट्रो-रेझिस्टंट’, ‘ईसी’ किंवा ‘डीआर’ ही वेगळी जात. हे कवच जठरातल्या आम्लात टिकते आणि आतड्यात, आम्लता उतरल्यावर, सुटते. ॲस्पिरिन ७५, डायक्लोफेनॅक, पँटोप्राझोल आणि व्हॅल्प्रोएटच्या काही गोळ्या अशा असतात. औषधकोशाची अट अशी की ती आम्लात दोन तास अभंग राहावी. यांतले बरेच पॉलिमर तीव्र दारूत मऊ पडतात. ॲस्पिरिनचे कवच जठरातच सुटले तर औषध थेट अस्तरावर पडते, आणि त्याच अस्तराला दारूने आधीच चटका दिलेला असतो. पँटोप्राझोलचे कवच सुटले तर औषध आम्लाने नष्ट होते, गोळी घेऊन न घेतल्यासारखी होते. आणखी एक सवय इथे धोक्याची आहे. दारूनंतर जळजळ होते म्हणून लोक इनो किंवा अँटासिड घेतात. त्याने आम्लता उतरते आणि कवचाला आपण आतड्यात आलो असे वाटून ते लवकर सुटते. अँटासिड आणि अशी गोळी यांत किमान दोन तास ठेवा.

एसआर गोळी आणि दारू दोन्ही पोटात गेलेली आहेत असे लक्षात आले तर जबरदस्तीने ओकारी काढू नका. माणसाला एकटे सोडू नका, कुशीवर झोपवा. हाक मारून जागा होत नसेल, श्वास संथ किंवा अडखळत असेल तर लगेच १०८ ला फोन करा आणि गोळीची पट्टी सोबत द्या.

प्रश्न : दारू घेतल्यावर किती तासांनी गोळी घ्यावी? कोण म्हणतो दोन, कोण म्हणतो सहा. हुर्राक हलका असतो म्हणून त्याला कमी वेळ धरायचा का?
– एक वाचक, पेडणे

उत्तर : हिशेब ग्रॅममध्ये करा. मिलीलिटर गुणिले टक्के, भागिले १००, गुणिले ०.७९. सरासरी माणसाचे यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल जाळते. कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची आंघोळ, यांपैकी कशानेही हा वेग वाढत नाही.

फेणीचा ६० मिलीचा मोठा पेग म्हणजे सुमारे २० ग्रॅम. हुर्राक साधारण १५ टक्क्यांचा असतो, त्याचा १८० मिलीचा पेला म्हणजे सुमारे २१ ग्रॅम. म्हणजे लिम्का, मीठ, मिरची घालून सहज रिचवलेला एक पेला हुर्राक आणि एक मोठा पेग फेणी यकृताला सारखीच पडतात. हुर्राक हलका लागतो तो जिभेला. ५ टक्के बिअरची ६५० मिलीची बाटली २६ ग्रॅम, ८ टक्क्यांची ‘स्ट्राँग’ ४१ ग्रॅम.

तीन मोठे पेग घेतले तर ६० ग्रॅमच्या आसपास झाले. ते जळायला सहा ते नऊ तास. रात्री अकराला शेवटचा घोट घेतला असेल तर सकाळी सहाला रक्तात अजून अल्कोहोल असू शकते. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असते, त्यामुळे त्याच मात्रेने रक्तातली पातळी जास्त चढते.

हा हिशेब फक्त रक्तातली दारू संपण्याचा आहे. औषध शरीरातून जायला त्याचा स्वतःचा वेळ लागतो आणि रोज पिणाऱ्याच्या यकृतातले एन्झाइम दारू उतरल्यावरही काही दिवस बदललेले राहतात. म्हणून ‘इतके तास सोडले की झाले’ हा नियम सगळ्या गोळ्यांना लावता येत नाही.

प्रश्न : रात्री जास्त झाली की सकाळी डोके ठणकते. पॅरासिटामॉल ६५० घेतो, कधी दोन. यकृताला चालते का?
– एक वाचक, साखळी

उत्तर : कधीतरी पिणाऱ्या, पोटभर जेवलेल्या निरोगी माणसाने एक गोळी घेतली तर सहसा काही होत नाही. रोज पिणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे, आणि ती नीट समजून घ्या.

पॅरासिटामॉलचा मोठा भाग यकृत ग्लुक्युरोनाइड आणि सल्फेट जोडून निरुपद्रवी करून टाकते. ५ ते १० टक्के भाग मात्र सीवायपी २ई१ या एन्झाइमच्या वाटेने जातो आणि त्यातून एक विषारी पदार्थ तयार होतो. ग्लुटाथायोन नावाचा रेणू त्याला पकडून निकामी करतो. नेहमीच्या मात्रेत हे सुरळीत चालते. रोजच्या दारूने दोन बिघाड एकदम होतात : २ई१ चे प्रमाण वाढते, म्हणजे विष जास्त बनते, आणि ग्लुटाथायोन कमी होते. त्यात जेवणाची आबाळ असली की ग्लुटाथायोन आणखी घटते.

सकाळचीच वेळ वाईट का, तेही सांगतो. दारू रक्तात असते तोवर २ई१ दारू जाळण्यात गुंतलेले असते. दारू संपत आली की वाढलेले एन्झाइम मोकळे होते, आणि नेमकी तेव्हाच आपण डोकेदुखीची गोळी घेतो.

निरोगी प्रौढाची दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम, म्हणजे ६५० च्या सहा गोळ्या, प्रत्येक दोन मात्रांमध्ये चार ते सहा तासांचे अंतर ठेवून. रोज पिणाऱ्याने २ ग्रॅमच्या आत राहावे, म्हणजे दिवसात तीन गोळ्या, एका वेळी एकच. कावीळ झालेली असेल, पोटात पाणी झाले असेल किंवा काही खाल्लेच नसेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तेवढीही नको. सर्दीच्या गोळ्यांचा मागचा भाग वाचा. फेनिलेफ्रिन, क्लोरफेनिरामिन यांच्या जोडीला बहुतेकींत पॅरासिटामॉल असतेच. ताप, सर्दी आणि अंगदुखी यांच्या तीन वेगळ्या गोळ्या घेणारा माणूस नकळत एकच औषध तीनदा घेत असतो.

पॅरासिटामॉल जास्त गेल्यास पहिल्या दिवशी मळमळीपलीकडे काही जाणवत नाही. यकृताचे नुकसान तिसऱ्या-चौथ्या दिवशी शिगेला पोचते. ॲसिटिलसिस्टीन हा उतारा पहिल्या आठ तासांत सुरू झाला तर सर्वांत चांगले काम करतो. म्हणून ‘बरा दिसतोय’ म्हणून थांबू नका, माणसाला लगेच जिल्हा इस्पितळात किंवा बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) न्या.

पॅरासिटामॉल नको म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेण्यातही फायदा नाही. दारूने सुजलेल्या जठरातून त्या रक्तस्राव घडवू शकतात. ओआरएसचे पाकीट लिटरभर पाण्यात घालून थोडे थोडे प्या, पेज घ्या, झोपा.

प्रश्न : दात काढल्यावर मेट्रोनिडाझोल दिले आहे. घरात लग्न आहे. एखादा पेग चालेल का? अमॉक्सिसिलिनवर चालतो म्हणतात.
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : या लग्नात नको. दारूचे विघटन दोन टप्प्यांत होते. आधी तिचे ॲसिटाल्डिहाइड होते, मग त्याचे ॲसिटेट. दुसरा टप्पा अडला की ॲसिटाल्डिहाइड साचते : चेहरा लाल होतो, छाती धडधडते, डोके ठणकते, उलट्या होतात, रक्तदाब उतरतो. मेट्रोनिडाझोलमुळे असे झाल्याच्या नोंदी जुन्या आहेत. २००२ साली फिनलंडमध्ये झालेल्या एका छोट्या चाचणीत ही प्रतिक्रिया दिसली नाही, म्हणून सगळ्यांनाच ती होते असे म्हणता येणार नाही. पण आपल्याला होईल की नाही हे आधी ओळखता येत नाही. शेवटच्या गोळीनंतर तीन दिवस दारू टाळा. टिनिडाझोललाही हाच नियम. जुलाबावरच्या पुष्कळ गोळ्या दोन औषधांच्या असतात. त्यांत ‘निडाझोल’ने संपणारे नाव आहे का ते बघा.

अमॉक्सिसिलिन किंवा ॲझिथ्रोमायसिनची अशी प्रतिक्रिया नसते. तरी दात काढलेल्या जागेवर दारूने रक्त पुन्हा वाहू शकते, ते वेगळेच कारण.

प्रश्न : माझे यजमान रोज पितात. शेजारच्या बाईने एक गोळी सांगितली. ती कुटून चहात किंवा आमटीत घालायची, त्यांना कळू द्यायचे नाही, म्हणजे दारू घेतली की उलट्या होऊन आपोआप सुटते. देऊ का?
– एक वाचक भगिनी, सत्तरी

उत्तर : नाही, ताई. तुम्ही कोणत्या परिस्थितीतून हे विचारता आहात ते आम्हाला कळते आणि तुमचा हेतू माणूस वाचवण्याचा आहे. पण याच गोळीने माणूस दगावू शकतो.

ही गोळी बहुधा डायसल्फिरामची असेल. १९४८ साली डेन्मार्कमधल्या संशोधकांनी तिचा हा उपयोग जगापुढे आणला. वरच्या उत्तरात सांगितलेला दुसरा टप्पा ती अडवते, आणि साधासुधा नाही : एन्झाइम कायमचे निकामी होते, शरीराने नवे तयार करेपर्यंत. त्यामुळे शेवटच्या गोळीनंतर चौदा दिवसांपर्यंत प्रतिक्रिया येऊ शकते. ज्याला गोळीचे माहीत आहे तो घोट घ्यायला धजत नाही. उपचाराचा सगळा जोर त्या माहितीवर असतो. ज्याला माहीत नाही तो नेहमीसारखा तीन पेग घेतो. मग रक्तदाब कोसळतो, हृदयाचे ठोके बिघडतात, आणि इस्पितळातल्या डॉक्टरांनाही कारण कळत नाही, कारण घरातला कोणीच सांगायला धजत नाही. हृदयविकार, मधुमेह किंवा फिट्स असतील तर धोका कितीतरी वाढतो. ही गोळी स्वतःही यकृत बिघडवू शकते, म्हणून रक्ताची तपासणी करून सुरू करतात आणि मध्ये मध्ये पुन्हा तपासतात. शेवटच्या दारूनंतर किमान बारा तास गेल्याशिवाय पहिली गोळी देत नाहीत. रुग्णाला पूर्ण कल्पना दिल्याशिवाय ती द्यायची नाही, हा या औषधाचा पहिला नियम आहे. जाहिरातीतून मागवलेली बिननावाची चूर्णेही चहात घालू नका. त्यांत काय आहे ते कोणालाच सांगता येणार नाही.

आधीच दिली असेल तर आजच थांबवा, यजमानांना सांगा आणि दोन आठवडे दारू घेऊ नका म्हणावे. हे सांगणे अवघड आहे, तरी सांगाच. त्या काळात घाम, धडधड, उलट्या सुरू झाल्या तर आडवे झोपवून पाय वर ठेवा, १०८ बोलवा आणि गोळीचे नाव सांगा.

उपचाराची वाट आहे. बांबोळीला आयपीएचबी या सरकारी मानसोपचार संस्थेत व्यसनमुक्तीचे उपचार होतात. यजमान यायला तयार नसले तरी तुम्ही एकट्या जाऊन बोलू शकता. दारूची ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट ही औषधे आहेत, त्यांवर अशी प्रतिक्रिया येत नाही. एक मात्र ध्यानात ठेवा. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरी एकदम बंद करू नका. हात थरथरणे, फिट, भ्रम ही लक्षणे पहिल्या दोन-चार दिवसांत येतात आणि जिवावर बेततात. दारू सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, बी१ जीवनसत्त्वासह.

प्रश्न : मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन घेतो. मित्रांबरोबर बसलो की जेवायला उशीर होतो. एकदा पहाटे घामाघूम होऊन बडबडत होतो असे घरचे सांगतात. त्यांना वाटले, चढली आहे.
– एक वाचक, मडगाव

उत्तर : ती दारू चढलेली नव्हती, साखर उतरलेली असण्याची शक्यता मोठी आहे. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेते, जेवण असो वा नसो. अशा वेळी यकृत नवी साखर बनवून रक्तात सोडते आणि माणसाला सावरते. दारू जाळण्यात गुंतलेले यकृत ते काम बंद ठेवते. म्हणून साखर बसल्या जागी उतरत नाही, काही तासांनी, बहुधा झोपेत किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी उतरते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे ही लक्षणे नशेसारखीच दिसतात आणि घरचे त्याला झोपू देतात. इथेच जीव जातो.

घरच्यांनी ग्लुकोमीटर लावावा. ७० च्या खाली असेल आणि गिळता येत असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे, मग भात किंवा पाव खायला द्यावा. यंत्र नसेल तर साखर उतरली आहे असे धरूनच साखर द्यावी. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नये, १०८ बोलवावी. ज्या रात्री जेवण नाही त्या रात्री ग्लिमेपिराइड घ्यायचे की नाही हे आपल्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. मेटफॉर्मिनवर जास्त दारू घेतल्यास रक्तात लॅक्टिक आम्ल साचू शकते. मूत्रपिंड किंवा यकृत कमजोर असेल तर हा धोका वाढतो.

प्रश्न : ज्या दिवशी पितो त्या दिवशी रक्तदाबाची गोळी घेत नाही. बरोबर ना?
– एक वाचक, कुडचडे

उत्तर : नाही. अम्लोडिपिन घेत असाल तर एक गोळी चुकवून ते शरीरातून जात नाही. त्याची पातळी निम्मी व्हायला ३५ ते ५० तास लागतात. म्हणजे दारूशी गाठ पडायची ती पडतेच, वर रक्तदाब मात्र ढिला सुटतो. मेटोप्रोलोल, क्लोनिडीन अशा गोळ्या एकदम सोडल्या तर रक्तदाब उसळतो. फिटच्या गोळ्यांबाबत तर ही सवय सर्वांत वाईट : गोळी चुकलेली आणि दारू उतरत असलेली, ही फिट येण्याची अगदी नेमकी वेळ. गोळी ठरल्या वेळी घ्या आणि चुकवायचाच असेल तर पेग चुकवा.

प्रश्न : झोपेची अर्धी गोळी आणि एक पेग यांत किती तास ठेवावेत?
– एक वाचक, वास्को

उत्तर : असे अंतर नाही. क्लोनाझेपामची पातळी निम्मी व्हायलाच तीस-चाळीस तास लागतात. अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम यांपैकी काहीही असो, ते दारूबरोबर श्वास मंद करते, आणि गाढ गुंगीत उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाते. गोळी चालू आहे तोवर दारू बंद. गोळीही मनाने एकदम बंद करू नका, डॉक्टरांकडून हळूहळू कमी करून घ्या.

प्रश्न : क्षयरोगाचे सहा महिन्यांचे औषध चालू आहे. हंगामात एकदाही नको?
– एक वाचक, केपे

उत्तर : एकदाही नको. आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही यकृताला सोसावी लागतात. लघवी गडद झाली, जेवणावरची वासना उडाली, डोळे पिवळे दिसले तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा. आणि कधी प्यालातच तर त्या भीतीने मात्रा चुकवू नका, केंद्रातल्या माणसाला खरे सांगा.

प्रश्न : कुमारी आसव, दशमूलारिष्ट यांत दारू असते म्हणे. ती इतर गोळ्यांबरोबर घ्यायची की नाही? खोकल्याच्या औषधाचे काय?
– एक वाचक, काणकोण

उत्तर : आसव-अरिष्टांत आंबवण्यातून आपोआप तयार झालेले अल्कोहोल असते, बाटलीवर तसे छापलेलेही असते. बहुतेकांत ते ५ ते १० टक्के असते. ८ टक्के धरले तर २० मिलीच्या मात्रेत सव्वा ग्रॅमच्या आसपास आले. ३० मिलीच्या छोट्या पेगात १० ग्रॅम असते. सांगितलेली मात्रा तेवढेच पाणी घालून घेतली तर बहुतेक गोळ्यांना अडचण येत नाही. तीन गटांनी मात्र ती टाळावीत : डायसल्फिराम घेणारे, यकृत खराब झालेले आणि दारू सोडलेले. मेट्रोनिडाझोल चालू असेल तेवढे दिवसही नको.

खोकल्याच्या काही औषधांत इथॅनॉल असते, ते घटकांच्या यादीत सापडते. फार्मसीत ‘अल्कोहोल नसलेले द्या’ असे सांगितले की मिळते. डायसल्फिराम घेणाऱ्याने गोव्यात आणखी दोन ठिकाणी लक्ष ठेवायचे आहे. माडाच्या सुरेपासून घरी केलेल्या व्हिनेगरात आंबणे पुरे झाले नसेल तर अल्कोहोल शिल्लक राहते, आणि नाताळच्या केकमधली सुकी फळे रममध्ये भिजवलेली असतात. घरात सोरपोतेल किंवा विंदालू होणार असेल तर त्याचे ताट व्हिनेगर घालण्याआधीच वेगळे काढा. माउथवॉश आणि दाढीनंतरचे लोशनही अल्कोहोल नसलेलेच घ्या.